सातवीचा इंग्रजीचा तास आणि तैवानला गेलेलं घड्याळ

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, तीपण जिल्हा परिषदेच्याच शाळेत आहे, की तुम्ही ते परदेशातल्या वर्गाशी बोलायचं कसं काय जमवलंत, आम्हाला परवानगीचीच भीती वाटते. तिला फोनवर सांगायला लागले तर तासभर गेला, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं, जसं झालं तसं, तारखांसकट.

शाळा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यातली. सातवीत २७ पोरं, १४ मुली आणि १३ मुलगे, आणि मी त्यांना इंग्रजी शिकवणारी पदवीधर शिक्षिका. आपल्याकडं २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीत आलेल्या पोरानं सहा वर्षं इंग्रजी केलेलं असतं, पण वर्गाबाहेरच्या एकाही माणसाशी इंग्रजीत एक वाक्य बोललेलं नसतं. कुणाशी बोलणार? प्रशिक्षणात 'कल्चरल अवेअरनेस' नावाचा एक तास ठरलेला असतो आणि त्यात एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाचा तो संस्कृतीचा हिमनग हमखास येतो, वर दिसतं ते थोडं, पाण्याखाली जास्त. कल्पना चांगलीच आहे, पण नंतरची उदाहरणं सगळी लंडनची, तिकडं चहा कसा पितात, रांगेत कसे उभे राहतात. आमच्या पोरांना लंडनचं काय करायचंय, आणि हिमनग तरी कुणी बघितलाय? मी वर्गात भुईमूग उपटून आणला होता. वर पाला, खाली शेंगा, हे सांगावं लागलं नाही.

१६ जून २०२५ ला शाळा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात मी शिक्षकांच्या एका फेसबुक ग्रुपवर चार ओळी टाकल्या, की सातवीचा वर्ग आहे, गावातली शाळा आहे, इंग्रजी कच्चं आहे, कुणी जोडीदार वर्ग मिळेल का. 'कच्चं आहे' हे मुद्दाम लिहिलं आणि तुम्हीही लिहा, नाहीतर समोरून फाडफाड बोलणारा वर्ग येतो आणि आपली पोरं तोंड मिटून बसतात. २९ जूनला तैवानमधल्या ताओयुआनजवळच्या एका शाळेतल्या मॅडमचं उत्तर आलं, त्यांच्या पोरांचंही इंग्रजी कच्चंच. तिकडं २०३० पर्यंत देश द्विभाषिक करायचं सरकारी धोरण चाललंय, त्यामुळं इंग्रजीच्या शिक्षकांवर दडपण फार, असं त्यांनी पहिल्याच मेलमध्ये लिहिलं. मला तिथंच त्या जवळच्या वाटल्या. पण त्यांची उन्हाळी सुट्टी जून संपताना लागते ती थेट ऑगस्टअखेर संपते, म्हणजे दोन महिने थांबणं आलं. तो वेळ आमचा कागदांत गेला, आणि खरं सांगायचं तर तो लागलाच.

आधी मुख्याध्यापक. ते म्हणाले, "करा, पण लेखी करा." १० जुलैला शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घेतला, मग पालकांची संमतीपत्रं, मराठीत, एका पानात. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: मुलांचे फोटो-व्हिडिओ कुठंही टाकणार नाही, आडनाव आणि पत्ता सांगणार नाही, बोलणं फक्त वर्गात आणि माझ्याच अकाउंटवरून. २७ पैकी २५ संमत्या चार दिवसांत आल्या. दोन घरी मला जावं लागलं, एका आजीनं विचारलं, "पोरीला तिकडं नेणार न्हाईत नव्हं?" नाही म्हटल्यावर लगेच अंगठा दिला.

१४ जुलैला अर्ज तालुक्याच्या कार्यालयात. टीप: पोच घेतल्याशिवाय आणि आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय जागचं हलू नका. अकरा दिवसांनी अर्ज परत आला, त्यावर शेरा, "सदर देश चीनमध्ये समाविष्ट आहे किंवा कसे याबाबत खुलासा करावा." मी तो कागद हातात धरून एसटी स्टँडवर बराच वेळ बसले होते. जगातल्या भल्याभल्यांना न सुटलेला प्रश्न, खुलासा सातवीच्या बाईंनी करायचा. रात्री थोडं वाचलं, भारताचा तिथं राजदूतावास नाही पण १९९५ पासून इंडिया तैपेई असोसिएशन नावाचं कार्यालय आहे, आणि तैवानचं तसलंच एक मुंबईतही २०२४ मध्ये सुरू झालंय. हे सगळं खुलाशात घालावं असा मोह झाला होता. मुख्याध्यापकांनी अडवलं, म्हणाले जेवढं लिहाल तेवढे प्रश्न वाढतील. मग एवढंच लिहिलं की उपक्रम दोन शाळांच्या वर्गांमधला आहे, प्रवास नाही, निधी नाही, देणगी नाही, मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत होईल, सोबत ठराव आणि संमतीपत्रं जोडली आहेत. १ ऑगस्टला दिलं, १९ ऑगस्टला परवानगी हातात. डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यापासून असल्या उपक्रमाचं नाव तरी वरच्यांना नवीन राहिलेलं नाही, त्याचा उपयोग झाला असणार.

वेळेचं गणित आधी करून ठेवा. तैवान आपल्यापुढं अडीच तास. आमचा परिपाठ संपतो तेव्हा त्यांचं जेवण झालेलं असतं, आणि जेवणानंतर त्यांची पोरं शाळेतच बाकावर डोकं ठेवून झोपतात, रोज, वेळापत्रकात लिहिलेली झोप. हे ऐकून माझा वर्ग दोन दिवस दुसऱ्या कशावर बोलायलाच तयार नव्हता. त्यांची झोप आवरते एकच्या पुढं, म्हणून आमचे पावणेअकरा ठरले.

९ सप्टेंबर, मंगळवार, पहिला कॉल. लोकवर्गणीतला टीव्ही, माझा लॅपटॉप, माझ्याच मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि ६५० रुपयांचा नवा स्पीकर, कारण टीव्हीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही. पावणेअकराला पाच मिनिटं असताना लाईट गेली. पहिली आठ मिनिटं २७ डोकी एका लॅपटॉपवर. खेळ असा ठेवला होता की त्यांच्या पोरांना आमचा देश सांगायचा नाही, हो-नाहीचे प्रश्न विचारून त्यांनी ओळखायचा. पूर्वी याला मिस्ट्री स्काईप म्हणायचे, स्काईप आता बंद झालं, खेळ राहिला. त्यांच्याकडून प्रश्न आला, "डू यू ईट करी?" आमचा अख्खा वर्ग एका सुरात "नोऽऽ!" मी बघतच राहिले. तिकडं त्यांनी फळ्यावरच्या यादीतून इंडिया खोडलं. मग श्रीलंका, नेपाळ, एकानं तर इजिप्त, सगळं चुकलं. नंतर पोरांना विचारलं तर म्हणाली, "बाई, आपण कुठं करी खातो? आपण कालवण खातो." बरोबरच होतं की. आमच्या गावात करी कुणाच्याही चुलीवर शिजत नाही, आमटी शिजते, रस्सा शिजतो, कालवण शिजतं. करी हे आपल्याबद्दल बाहेरच्यांनी ठरवलेलं नाव, आणि माझ्या पोरांना ते माहीतच नव्हतं.

दुसरी गडबड जास्त खोल होती. आमची पोरं विचारत होती, "टेल युवर नेम." "शो युवर क्लासरूम." "सिंग वन साँग." व्याकरणात विशेष चूक नाही. पण समोरची पोरं हळूहळू मान खाली घालायला लागली, आणि मी वर्गात मागं उभी राहून ऐकलं तेव्हा कळलं, हा पोलीस चौकीतला जबाब चाललाय. आणि शेवट तर कहर. कॉल संपवताना आमच्या एका पोरानं हात हलवून छान मोठ्यानं सांगितलं, "ओके, आय कम!" आपण 'जातो' म्हणत नाही ना, 'येतो' म्हणतो. तिकडची पोरं बिचारी थांबली. आम्ही कॉल बंद केला आणि दहा मिनिटांनी त्यांच्या मॅडमचा मेसेज, तुमचा विद्यार्थी परत येणार होता ना, आम्ही वाट बघतोय.

यावर पुढचे दोन तास काढले, आणि अख्ख्या वर्षातले माझे सगळ्यात चांगले तास ते. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: नाव सांग. नाव सांग की. नाव सांग ना. नाव सांगतेस का. नाव सांगशील का. विचारलं यातलं कुठलं कुणाला म्हणाल. पोरांना सगळं येत होतं, 'सांग' भावाला, 'सांग ना' मैत्रिणीला, 'सांगशील का' नवीन आलेल्या पोरीला, आणि पाव्हण्यांना 'सांगाल का'. मग विचारलं, 'टेल युवर नेम' यातलं कुठलं? वर्ग गप्प. आपलं सगळं मार्दव त्या 'ना'त, 'की'त आणि क्रियापदाच्या शेपटीत असतं, इंग्रजीत आणताना नेमकी शेपटीच तुटते आणि नुसता हुकूम उरतो. प्लीज कुठंही चिकटवून ते भागत नाही, 'प्लीज टेल युवर नेम' हाही हुकूमच, फक्त इस्त्री केलेला. मग 'कुड यू', 'कॅन आय आस्क' वगैरे घेतलं. मागच्या बाकावरचा एक, जो एरवी खिडकीबाहेर बघतो, म्हणाला, "बाई, म्हणजे आपला 'ना' त्यांच्यात वाक्याच्या पुढं येतो." मी बीएडला असताना मला कुणी हे एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. थँक्यूवरही बोलणं निघालं, घरात कुणीच कुणाला म्हणत नाही. एक मुलगी म्हणाली, "आईला थँक्यू म्हटलं तर ती म्हणंल, बरी हाईस न्हवं?"

२५ सप्टेंबरच्या दुसऱ्या कॉलमध्ये 'हाऊ आर यू, आय ॲम फाईन'चा कंटाळा आल्यावर त्यांच्या मॅडमनी सांगितलं की तैवानी बोलीत म्हातारी माणसं भेटल्यावर विचारतात, "जिया पा ब्वे?", म्हणजे जेवलात का. आमच्या वर्गात टाळ्याच पडल्या. दोन्हीकडं आजी एकच प्रश्न विचारते, आणि दोन्हीकडच्या पुस्तकात तो नाही. तिकडची पोरंही शिक्षिकेला नावानं नाही, 'लाओशी' म्हणून हाक मारतात, आमची 'बाई' म्हणतात तसं. आणि कचऱ्याची गाडी! त्यांची घंटागाडी बेथोव्हेनची पियानोची धून वाजवत येते. तालुक्याच्या गावाला मामाकडं राहून आलेल्या पोरांनी लगेच आपल्या घंटागाडीचं गाणं म्हणून दाखवलं, सगळी कडवी.

सगळं असं गोडच चाललं होतं असं नाही. त्यांच्या पोरांची इंग्रजी नावं असतात, केव्हिन, एमी अशी, वर्गापुरती घेतलेली. आमच्यातल्यांनी आधी विचारलं ते ख्रिश्चन आहेत का, मग नाही कळल्यावर आम्हालापण पाहिजेत. मी दोन दिवस टाळलं, मला ते नको वाटत होतं आणि का नको ते नीट सांगता येत नव्हतं. शेवटी त्यांच्या मॅडमनाच विचारलं, तर त्या म्हणाल्या आमची खरी नावं सुरावर चालतात, सूर चुकला की अर्थ बदलतो, म्हणून पोरं सोपं नाव पुढं करतात. मग एका कॉलला फक्त नावंच केली, त्यांची खरी आणि आमची, सुरांसकट. चाळीस मिनिटं गेली आणि अभ्यासक्रमातलं काहीही झालं नाही.

६ ऑक्टोबरला मजा झाली. त्या वर्षी आपली कोजागरी आणि त्यांचा चंद्राचा सण एकाच रात्री आले, दरवर्षी असं होत नाही. त्यांच्याकडं अंगणात शेगडीवर भाजणं, आणि पपनस सोलून साल लहान पोरांच्या डोक्यावर टोपीसारखी घालतात. आमच्याकडं मसाला दूध. फोटो पाठवायचे ठरले, मोबाइलमध्ये चंद्र टिकलीएवढा आला दोन्हीकडं. ससा मात्र दोघांनाही दिसतो, त्यांचा कांडतो, आपला नुसता बसलेला.

आता पार्सल. दिवाळीनंतर शाळा भरल्यावर पोरांनी वस्तू जमवल्या, रांगोळी, चिंचोके, सागरगोटे, भोवरा आणि जाळी, कापडी पिशवी, आणि सगळ्यांनी मिळून केलेलं जाड पुठ्ठ्याचं घड्याळ, देवनागरी अंकांचं, कडेला वारली नक्षी. ५ नोव्हेंबरला मी वस्तूंची यादी मॅडमना पाठवली. एरवी तासाभरात उत्तर देणारी बाई दोन दिवस गप्प. मग आलं: घड्याळ फार सुंदर आहे, पण कदाचित आमच्या वर्गात एक घड्याळ आधीच आहे. मी साधेपणानं लिहिलं, असू दे की, दुसरं लावा. परत गप्प. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं "बघू, कळवतो" म्हटलं की लग्न मोडलं हे आपल्याला न सांगता कळतं, तसलंच काहीतरी हे. सरळच विचारलं, काही अशुभ आहे का? तर हो. घड्याळ भेट देणं याला चिनीत जो शब्द आहे तो 'अंत्यविधीला जाणं' या शब्दासारखाच ऐकू येतो, म्हणून घड्याळ भेट देत नाहीत.

पोरांना सांगताना मला वाईट वाटत होतं, पाच दिवस खपली होती. एक मुलगी रडली. पण मॅडमनीच वाट काढली, त्यांच्याकडं तोडगा असतो, घेणाऱ्यानं एक नाणं द्यायचं, म्हणजे भेट नाही, विकत घेतलं. त्यांचा वर्ग आमचं घड्याळ एका तैवानी डॉलरला विकत घेणार, आणि नाणं पोस्टानं पाठवता येत नाही म्हणून फळ्याशेजारी चिकटवून फोटो धाडणार. हे सांगितल्यावर वर्गात पहिला आवाज आला तो असा, "बाई, आहेराच्या पाकिटावर रुपाया असतो तसा!" तसाच नाही, पण मी दुरुस्त केलं नाही.

पोस्टाचं थोडक्यात: गावच्या पोस्टात परदेशी पार्सल घेत नाहीत, तालुक्याला जावं लागतं. आधार कार्डाची झेरॉक्स, वस्तूंची यादी किमतीसकट, कस्टमचा फॉर्म, समोरचा पूर्ण पत्ता फोन नंबरसकट. खोकं उघडंच न्या, तिथं बघून मग बंद करतात. काउंटरवरच्या काकांनी रांगोळीची पुडी वर धरली, "मॅडम, पांढरी पावडर परदेशात? घरी न्या." चिंचोके आणि सागरगोटे बिया म्हणून बाद. भोवरा, पिशवी, पत्रं, वर्गाचा एक फोटो (फक्त त्यांच्या भिंतीसाठी, पालकांना पुन्हा विचारून) आणि घड्याळ, सव्वा किलो, १२४० रुपये. १४ नोव्हेंबरला दिलं, ३ डिसेंबरला पोचलं. भोवऱ्याचं आम्हाला फार कौतुक होतं, तर त्यांच्याच भागातलं दाशी हे गाव भोवऱ्यांसाठी प्रसिद्ध निघालं. त्यांनी व्हिडिओ पाठवला, एक म्हातारे गृहस्थ परातीएवढा भोवरा फिरवतायत. आमचा एक म्हणाला, "बाई, आपण बारामतीला ऊस पाठवला."

आणि मग तो फोटो. ११ डिसेंबरच्या कॉलला एका मुलीनं विचारलं, अगदी नीट, "कॅन आय आस्क" लावून, की तुमच्या फोटोत मुली एका बाजूला आणि मुलगे दुसऱ्या बाजूला का बसलेत? आमचा वर्ग एरवी उत्तराला मागं हटत नाही. शांतता. एक म्हणाला, "टीचर टेल." मी कधीच सांगितलं नव्हतं. पण कधी मोडलंही नव्हतं. मी त्या वेळी विषय बदलला, त्याचं अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी तास घेतला. कौन्सिल ऑफ युरोपची २००९ ची 'ऑटोबायोग्राफी ऑफ इंटरकल्चरल एन्काउंटर्स' नावाची प्रश्नावली फुकट मिळते, लहान मुलांसाठी वेगळी आवृत्ती पण आहे, त्यातल्या कल्पना घेऊन मी मराठीत सहा प्रश्न केले होते: काय झालं, तुला काय वाटलं, समोरच्याला काय वाटलं असेल, असं. पोरांनी मराठीतच लिहिलं, आणि ते मराठीतच लिहू द्या, इंग्रजीचा तास असला तरी. मुलग्यांनी बहुतेकांनी लिहिलं 'आपल्यात तसंच असतं'. एका मुलीनं लिहिलं, "मला उत्तर माहीत होतं पण त्यांना सांगावं वाटलं नाही. ते आपल्याला वाईट समजले असते." मी त्या कागदावर सही केली नाही, शेरा मारला नाही, घरी घेऊन आले. बसण्याचं म्हणाल तर गटकार्याला आता मिसळून बसतात, परिपाठाला अजून तसंच.

५ जानेवारीला त्यांची पत्रं आली. वर तारखेच्या जागी ११४. कुणीतरी म्हणालं पोस्टात एवढी वर्षं लागली का. त्यांच्याकडं १९१२ हे पहिलं वर्ष धरून मोजतात, २०२५ म्हणजे ११४. पोरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आपलं शके १९४७ शोधून काढलं आणि उत्तराच्या पत्रांवर झोकात तेच टाकलं.

खर्च सांगते, कुणी नीट सांगत नाही म्हणून. पार्सल १२४०, स्पीकर ६५०, पुठ्ठा-रंग ३१०, झेरॉक्स ८४, एसटी १६० (महिलांना अर्धं तिकीट म्हणून), एकूण २४४४. स्पीकरचे शाळेच्या अनुदानातून मिळाले, बाकी माझे. कॉलच्या दिवशी डेटा जवळजवळ एक जीबी जातो, रिचार्ज आधीच बघून ठेवा. अहवाल दोन पानी मागितला होता, दिलाय, 'लाभार्थी संख्या' या रकान्यात २७ लिहिलं.

१३ जानेवारीला शेवटचा कॉल, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, कारण त्यांची सहामाही संपत होती. तिळगूळ दाखवला. 'गोड बोला'चं पोरांनी 'स्वीट टॉक' केलं होतं, ते मी आदल्या दिवशीच काढायला लावलं, इंग्रजीत त्याचा अर्थ मस्का मारणं होतो. मग त्यांनी कॅमेरा भिंतीकडं फिरवला. आमचं घड्याळ लावलेलं होतं. पुठ्ठ्याच्या मागं त्यांनी खरं मशीन बसवलं होतं आणि ते आमच्या वेळेवर ठेवलं होतं, त्यांच्या नाही, खाली एक डॉलरचं नाणं टेपनं चिकटवलेलं. देवनागरी अंकांवर अकराला पाच कमी. माझा वर्ग एक क्षण गप्प झाला, मग एकानं वळून आमच्या वर्गातल्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, आपलं सात मिनिटं मागं आहे."